झऱ्याच्या हद्दीचा हॅश

हॅश म्हणजे फाईलला लावलेलं कुलूप, असं शहापूरच्या एका प्रशिक्षणात शिकवायला आलेल्या गृहस्थांनी आम्हाला सांगितलं. फळ्यावर कुलूप काढलं, शेजारी किल्ली काढली आणि ते चहाला गेले. समोर बसलेल्या सगळ्यांनी वहीत कुलूप उतरवून घेतलं. मीही घेतलं, पण त्याच्याखाली 'चूक' असं लिहिलं. कुलूप लावतात ते कधीतरी उघडायला. हॅश उघडत नाही, त्याला किल्लीच नसते. एवढी साधी गोष्ट ज्याला माहीत नाही त्याला शिकवायला पाठवतात, आणि जिला माहीत आहे तिला तीन दिवस समोर बसवतात. मी त्यांना चहानंतर तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, खेड्यातल्या लोकांना सोपं करून सांगावं लागतं."

सोपं आणि खोटं यातला फरक खेड्यातल्या लोकांना कळतो. तो त्या गृहस्थांनाच कळत नव्हता.

मी आमच्या पाड्यावरची पहिली पदवीधर. बी.एस्सी., कॉम्प्युटर. असं काही सांगताना मान खाली घालायची रीत आहे, म्हणजे समोरच्याला कौतुक करायला सोयीचं जातं. मी मान खाली घालत नाही. आमचा पाडा डोळखांबच्या बाजूला, गावाच्या कडेला. माझे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, मी शहापूरच्या कॉलेजात जायचे. आता मुरबाडला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते. तिथल्या मुलींना हॅश शिकवताना मी फळ्यावर कुलूप काढत नाही, गिरण काढते.

गिरणीत नाचणी टाकली की पीठ येतं. पिठाची परत नाचणी होत नाही. हॅशचा पहिला गुण हाच. फाईल घातली की खाली काही अक्षरं पडतात, पण त्या अक्षरांवरून फाईल परत मिळत नाही. इथवर गिरण ठीक आहे, पुढं मात्र सोडून द्यावी लागते. कारण गिरणीत पोतं घातलं तर पोतंभर पीठ येतं आणि शेरभर घातलं तर शेरभर. हॅशमध्ये एक ओळ घाला नाहीतर अख्खं ग्रंथालय घाला, मी वापरते त्या पद्धतीत खाली नेमकी चौसष्ट अक्षरं येतात. शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं, यांचीच ती सरमिसळ. तीच फाईल पुन्हा घातली तर तीच चौसष्ट, मग कॉम्प्युटर मुरबाडचा असो की अमेरिकेतला. आणि फाईलमधला एक स्वल्पविराम इकडचा तिकडे केला, तर चौसष्टच्या चौसष्ट अशी उलटीपालटी होतात की जुन्याशी नातंच सांगता येत नाही.

क्लासमधल्या मुलींना हे एका तासात कळतं. ज्या माणसांना कळायला पाहिजे होतं त्यांना कळायला एक अख्खी सुनावणी लागली. ती गोष्ट अशी.

आमच्या पाड्यानं जंगलावरच्या सामूहिक हक्काचा दावा केला. जे जंगल आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलो त्याची हद्द आपण स्वतः चालून मोजायची, नकाशा करायचा आणि कागदांसोबत तालुक्याच्या कार्यालयात द्यायचा. कुठलं कार्यालय ते मी लिहीत नाही. तिथली माणसं या कार्यालयातून त्या कार्यालयात जात असतात आणि स्वभाव सोबत नेतात.

हद्द चालायला चार दिवस लागले. हातात मागून आणलेलं जीपीएस यंत्र, पुढं कोयता घेऊन माझी आत्या. आत्या सत्तरीची, शाळेचं तोंड न पाहिलेली, पण हद्दीतला दगड न दगड तिला पाठ. दर थोड्या अंतरावर मी बटण दाबायचे आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश एक पॉइंट म्हणून नोंदवले जायचे. दक्षिणेला दोन कातळांच्या मधून एक अरुंद वाट आत जाते. तिथून आत गेलं की झरा. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो तेव्हा पाड्याला पाणी देणारा तो एकच. भातसानगरला धरणाच्या कॉलनीत नळ सुटलेला मी मैत्रिणीकडं पाहिला आहे. आमचा नळ म्हणजे हा झरा. आम्ही त्या वाटेनं आत गेलो, झऱ्याला वळसा घातला आणि त्याच वाटेनं बाहेर आलो. दुसरी वाटच नाही.

घरी येऊन मी सगळे पॉइंट एका साध्या फाईलमध्ये उतरवले, एका ओळीत एक पॉइंट. एक कॉपी सीडीवर कार्यालयाला द्यायची, एक वनहक्क समितीच्या लॅपटॉपवर ठेवायची. तिसरी मी ठेवली नाही, आणि यंत्र परत करताना ते पुसून दिलं. ही चूक माझी आहे आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

देण्याआधी मी फाईलचा हॅश काढला आणि ग्रामसभेत म्हटलं, हा इतिवृत्ताच्या वहीत लिहायचा.

समितीचे सचिव माझे चुलते लागतात, मी त्यांना दादा म्हणते. सातवी शिकलेले, अक्षर मोत्यासारखं, आणि त्या अक्षराचा अभिमान माझ्या पदवीच्या अभिमानापेक्षा जास्त. वही त्यांच्याच ताब्यात. ते म्हणाले, "त्यापेक्षा पॉइंट किती ते मोज नि लिही. तीनशे बारा पॉइंट. झालं काम."

"दादा, कुणी एक काढून दुसरीकडं एक घातला तरी तीनशे बाराच राहतील."

"मग हे तुझं काय करतंय?"

"हे सगळ्या पॉइंटांना मिळून चिकटलेलं आहे. एकाला हात लावला तरी बदलतं."

मी चार चार अक्षरांचे सोळा गट वाचून दाखवले, दादांनी लिहिले, मग त्यांनी वाचले आणि मी पडताळले. सभेला आलेले लोक ऐकत होते. शून्य, सी, सात, एफ. बायकांच्या रांगेतून आत्या म्हणाली, "भगताचा मंत्र परवडला गो. त्यात निदान अंगात तरी येतं."

"तुझ्या अंगात आणखी काय यायचं राहिलंय?" दादा म्हणाले. हसणं झालं. पण खाली सह्या झाल्या, अंगठे झाले, सभेचा शिक्का पडला. हे मी मुद्दाम सांगते, कारण भल्याभल्यांना हे सुचत नाही. हॅश काढून ज्या लॅपटॉपवर फाईल आहे त्याच लॅपटॉपवर ठेवला तर त्याचा काय उपयोग? फाईल बदलणारा हॅशही बदलेल. हॅश अशा जागी पाहिजे जिथं कुणाला गुपचूप हात घालता येणार नाही. साठ अंगठ्यांच्या वर लिहिलेल्या ओळीत खाडाखोड करून दाखवा म्हणावं.

सुनावणी लागली ती भात झोडून झाल्यावर. आमच्यासाठी ती वेळ वाईट. पंधरा दिवसांत निम्मा पाडा भट्ट्यांवर जाणार होता आणि आषाढाच्या तोंडाशी परतणार होता. त्या दिवशी जो नकाशा मंजूर होईल तोच पुढं जिल्ह्याला जाणार, असं आम्हाला आधीच सांगितलं होतं. मी मुरबाडहून पहाटेची एसटी पकडून शहापूरला आले. आत्या, दादा आणि आणखी चौघं जीप करून आले. दादांनी लॅपटॉप फडक्यात गुंडाळून मांडीवर आणला होता.

भिंतीवर नकाशा दाखवला. साहेब खुर्चीत, त्यांचा ऑपरेटर कॉम्प्युटरवर. ऑपरेटर माझ्याच वयाचा, गळ्यात ओळखपत्र, बोलताना समोरच्याकडं न पाहण्याची सवय लागलेला. आत्याला नकाशा वाचता येत नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. ती जवळ गेली, बोटानं कड फिरवत फिरवत दक्षिणेला आली आणि थांबली.

"झरा कुठंय?"

मी पाहिलं. दोन कातळांपाशी हद्द सरळ रेघेनं पुढं गेली होती. आतला सगळा भाग बाहेर पडला होता.

"तुम्ही दिलंय तेच आहे," ऑपरेटर म्हणाला.

"आमी झऱ्याला वळसा घातलाय. मी पुढं होते."

"आजी, सिस्टीममध्ये जे आलं ते दिसतंय."

सिस्टीम हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचा अर्थ मला पाठ आहे. ज्या कामाला कुणी माणूस जबाबदार नाही ते काम सिस्टीमनं केलेलं असतं.

मी म्हटलं, "आम्ही दिलेली सीडी काढा."

"गठ्ठ्यात असेल. शोधावी लागेल."

"मग तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फाईलचा हॅश काढा. आमच्या वहीत मूळ फाईलचा लिहिलेला आहे."

त्याला हॅश काढता येत नव्हता. मी उठून त्याच्या कॉम्प्युटरवर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली, एक ओळ टाइप केली, चौसष्ट अक्षरं आली. दादांनी वही उघडून ठेवली होती. पहिलंच अक्षर वेगळं, दुसरंही वेगळं. पुढं कुठं एखादं योगायोगानं जुळलं असेल तेवढंच.

ऑपरेटरनं वहीकडं पहिल्यांदा पाहिलं. "हातानं लिहिलंय ना? लिहिताना चुकलं असेल. एवढी अक्षरं कोण बरोबर लिहिणार?"

दादांच्या अक्षराला कुणी नाव ठेवलं तर ते दोन दिवस जेवत नाहीत. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "एखादं अक्षर लिहिताना चुकलं असतं, तर बाकीची त्रेसष्ट जुळली असती. इथं एकही गट जुळत नाही. म्हणजे लिहिणारा चुकलेला नाही, फाईलच दुसरी आहे."

साहेबांनी मान वर केली. "काय बदललंय, कुणी बदललंय, हे सांगतं का हे?"

"नाही. हॅश फक्त एवढंच सांगतो, तीच आहे की नाही. कुणी आणि काय, ते माणसांनी सांगायचं असतं."

माणसांनी काही सांगितलं नाही. ऑपरेटर म्हणाला, "ठीक आहे, मग तुमची फाईल दाखवा. ती जुळते का बघू."

बरोबरच होतं. दादांनी फडकं सोडलं. मी लॅपटॉपवर तीच ओळ टाइप केली.

जुळलं नाही.

तिसराच हॅश आला. कार्यालयाचा एक, वहीतला एक आणि हा एक. मी पुन्हा काढला. तीच फाईल, तोच हॅश, अर्थातच. कुणीतरी मागं हसलं. ऑपरेटर तर खुर्चीत मागं रेलून बसला, जणू त्याचा सत्कारच झाला.

"तीन फायली, तीन नंबर," साहेब म्हणाले. "असं करा, परत मोजणी करून द्या. पुढच्या सुनावणीत घेऊ."

"पुढची सुनावणी कधी?"

"ते आता सांगता येणार नाही. आज जे आहे ते मी वर पाठवतो, तुम्ही मागून दुरुस्तीचा अर्ज करा."

दुरुस्तीचा अर्ज. झरा बाहेर ठेवून नकाशा मंजूर होणार, आणि आम्ही भट्टीवरून अर्ज करत बसणार. त्या कातळांच्या पलीकडं कुणाची तारेची कुंपणं कुठवर आली आहेत ते सगळ्या पाड्याला माहीत होतं. आत्या अजून नकाशावरच्या त्या सरळ रेघेवर बोट ठेवून उभी होती.

मी दादांना विचारलं, "ही फाईल कुणी उघडली?"

"कुणी नाय. माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाय मी."

"तुम्ही उघडली?"

"उघडली म्हणजे... बघितली."

"आणि?"

"काय नाय केलं गो मी. आकडे आहेत तसेच हायेत. देवाशप्पथ."

"दादा."

"वरती श्री घातला फक्त. कोराच कागद होता वरती. एवढ्या महत्त्वाच्या कामाला श्री नको?"

मी फाईल उघडली. पहिल्या पॉइंटच्या वर, दोन दंडांच्या मध्ये, श्री. आमच्याकडं पत्र असो, यादी असो, लग्नाची पत्रिका असो, वर श्री घातल्याशिवाय कुणी पेन टेकवत नाही. दादांनी सातवीपासून एकही कागद श्रीशिवाय सुरू केलेला नाही. कीबोर्डवर ते अक्षर शोधायला त्यांना किती वेळ लागला असेल देव जाणे. मला इतका राग आला की हसायला आलं. शिकलेल्यानं बेफिकिरीनं फाईल बिघडवली आणि अर्धशिकलेल्यानं भक्तीनं. फायलीला दोन्ही सारखंच.

मी श्री पुसला, फाईल जतन केली आणि पुन्हा हॅश काढला.

नाही जुळला.

ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, राहू द्या आता. साहेबांना पुढच्या फायली आहेत."

मी पडद्याकडं पाहिलं. श्री गेला होता, पण तो जिथं होता ती ओळ तशीच राहिली होती. रिकामी. माणसाला रिकामी ओळ दिसत नाही, कॉम्प्युटरला ती अक्षरासारखंच अक्षर असते. मी ती ओळ काढली. पहिला पॉइंट सगळ्यात वर आला. जतन केली, हॅश काढला.

"दादा, वाचा."

दादा वहीतून वाचू लागले, मी पडद्यावर बोट ठेवून बघू लागले. शून्य, सी, सात, एफ. पहिला गट. दुसरा. आठव्या गटाला साहेब उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले. सोळावा गटही जुळला.

आता ऑपरेटर जे बोलला ते मी क्लासमध्ये दर वर्षी सांगते, कारण हॅश न कळलेला माणूस नेमका इथंच फसतो. तो म्हणाला, "सर, यांनी आत्ता आपल्यासमोर फाईल बदलली. बदलून बदलून जुळवली."

"बरं," मी म्हटलं. "तुम्हीपण जुळवा. ही घ्या फाईल. पॉइंट काढा, घाला, हवं ते करा आणि वहीतला हॅश आणून दाखवा. झरा बाहेर ठेवून आणा."

"तसं कसं येईल?"

"नाहीच येणार. हॅश बघून उलटं फाईलकडं जाता येत नाही. आंधळेपणानं एकेक फाईल करून बघावी लागेल, आणि जगातले सगळे कॉम्प्युटर लावले तरी सूर्य विझेपर्यंत ती सापडायची नाही. मी दोनदा बदल केला आणि सापडली, ती काय नशिबानं? तिथं आधी हीच फाईल होती म्हणून."

साहेबांनी विचारलं, "दुसऱ्या एखाद्या फाईलचा चुकून हाच नंबर असू शकत नाही?"

हा त्या दिवशीचा एकुलता एक शहाणा प्रश्न. मी म्हटलं, "हिशेबानं असू शकतो, सर. फायली अगणित आणि हॅश ठरावीक, तेव्हा कुठंतरी दोघींचा एक येणारच. पण अशी जोडी या पद्धतीत आजवर कुणाला सापडलेली नाही, आणि शोधणारे आपल्यापेक्षा हुशार आहेत."

"माझ्यापेक्षा तरी आहेत," साहेब म्हणाले आणि ऑपरेटरकडं वळले. "तुम्ही काय केलं होतं फाईलला?"

मग माणसानं सांगितलं. हद्द एकाच अरुंद वाटेनं आत जाऊन बाहेर येत होती, त्यामुळं नकाशात रेघ स्वतःलाच छेदत होती. सॉफ्टवेअर लाल चूक दाखवत होतं. लाल जाईपर्यंत यानं पॉइंट काढले. "अकराच पॉइंट होते, सर. तीनशेमधले अकरा."

कुणी त्याला पैसे दिले नव्हते. कुंपणवाल्यांशी त्याची ओळखही नव्हती. मी तेही शोधून पाहिलं, कारण मला तसं निघालेलं आवडलं असतं. लबाड माणसाला निदान झरा कशाला म्हणतात ते माहीत असतं. याच्यासाठी तो लाल ठिपका होता. अकराच्या अकरा पॉइंट नेमके पाण्याभोवतीचे आहेत, हे बघायला त्यानं नकाशा जरा मोठा करूनही पाहिला नव्हता. आणि हा माणूस आत्याला आजी म्हणून समजावून सांगत होता.

साहेबांनी आमची फाईल घ्यायला सांगितली आणि तिथंच नवा नकाशा करायला सांगितला. ऑपरेटरनं फाईल घातली, परत लाल आलं. तो थांबला. मग पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, "हे कसं करायचं?"

"झऱ्याचा भाग वेगळा तुकडा म्हणून घ्या आणि वाटेपाशी जोडा. दोन तुकडे, हद्द एकच."

दहा मिनिटं लागली. दहा मिनिटांच्या कामासाठी आमचा झरा जात होता. मी हे त्याला बोलले नाही. बोलायचं मनात होतं, पण त्याच्या बोटांना घाम आला होता, आणि मला पॉइंट चुकायला नको होते.

साहेबांनी नव्या नकाशावर सही केली. फाईलचा हॅशही कार्यवृत्तात घ्या म्हणाले, ते मी मागितलं नव्हतं. दादा कोपऱ्यात लॅपटॉप परत फडक्यात बांधत होते, माझ्या नजरेला नजर न देता. मी म्हटलं, "दादा, यापुढं श्री वहीत."

"वहीत तर असतोच," ते म्हणाले. "तुझ्या फाईलला देव नको तर नको."

आत्या अजून भिंतीपाशीच होती. प्रिंट निघून हातात आली तेव्हा तिनं ती उजेडाकडं धरली, कड धरून बोट दक्षिणेला नेलं, कातळांतून आत घातलं आणि गोल फिरवून बाहेर काढलं.

"कागद वर गेल्यावर परत कुणी झरा पुसला तर?"

"पुसला तर कळंल."

"कळून काय करायचंय? पुसूच नाय द्यायचा," ती म्हणाली, आणि दुसरी प्रत मागायला स्वतःच साहेबांच्या टेबलाकडं गेली.